आजीच्या बोचक्यातली 'तुर्की' शेरवानी



आजच्या बोलण्याला कारण झालं एक बोचकं. आपल्या शहागंजातल्याच एक काकू ते घेऊन आल्या. जुन्या लुगड्यात बांधलेलं, चार गाठी मारलेलं. त्यांचे आजेसासरे निजामाच्या काळात इथल्या कोर्टात वकील होते. बोचक्यात त्यांची शेरवानी होती, काळ्या गोंड्याची लाल टोपी होती, आणि आजेसासूबाईंचा एक शालू होता, घडीवर फाटलेला.

गल्लीत "जुनी जर, जुने शालू" अशी हाळी देत येणारा माणूस तुमच्याकडेही येत असेल. तो वजनावर पैसे देतो. पुढे त्या कापडाचं काय होतं, हे आपल्यातल्या पुष्कळजणींना माहीत नसतं. कापड जाळतात. रेशीम, सूत जळून जातं आणि राखेतून जरीतली चांदी काढून घेतात. या जरवाल्याला काकूंचा शालू हवा होता. शेरवानीवर जरीच्या बुट्ट्या होत्या, म्हणून तीही हवी होती.

काकू म्हणाल्या, "ताई, घरात सगळे या शेरवानीला तुर्की म्हणतात. खरंच तुर्की असेल तर ठेवते. नाहीतर उगाच कपाटात जागा कशाला अडवायची? देऊन टाकते."

मी तेव्हा त्यांना जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर सांगते.

आधी तुर्कस्तानातलं भरतकाम कसं असतं ते बघू, म्हणजे ताडून पाहता येईल. तिथल्या जुन्या काळच्या मुलीचं लग्न ठरलं, की तिच्या रुखवताची पेटी उघडायची. त्या पेटीला ते 'सांदिक' म्हणतात. आपली संदूक. रुखवताला म्हणतात 'चेयिझ', आणि आपल्या शेजारच्या मुसलमान घरांतला 'जहेज' तो हाच शब्द. पेटीत वस्तू सुट्या ठेवत नसत. चौकोनी भरतकाम केलेल्या रुमालात गुंडाळून ठेवत. त्या रुमालाचं आणि त्या गाठोड्याचं नाव 'बोहचा'. आपल्या बोचक्याचं नातं जाणकार याच शब्दाशी जोडतात. मी हे सांगितलं तेव्हा काकूंनी मांडीवरच्या बोचक्याकडे असं पाहिलं, की जणू ते आत्ताच बोटीतून उतरलंय.

त्या बोहच्यात काय काय असायचं? हातरुमाल, त्याला 'मेंदिल'. आपल्याकडे मंदील म्हणजे जरीचं पागोटं. शब्द तोच, तिकडे हातात राहिला आणि इकडे डोक्यावर चढला. पैशांची भरतकाम केलेली छोटी पिशवी, ती 'केसे'. आपण त्याचा 'खिसा' केला. जरीकाम केलेल्या सपाता, त्या 'पाबुच', म्हणजे आपल्या जुन्या कागदांतले 'पायपोस'. कमरेचा पट्टा 'केमेर'. गुळगुळीत चमकदार रेशीम 'आतलास', आपली अतलस. आणि रेशमाच्या धाग्याभोवती सोन्या-चांदीची चपटी तार गुंडाळलेला जो भरतकामाचा धागा, त्याला ते म्हणतात 'किलाप्तान'. आपण म्हणतो 'कलाबूत'.

आता कुणी म्हणेल, बघा, सगळं तुर्कांकडूनच आलं. थांबा. यातले बहुतेक शब्द मुळात अरबी किंवा फारसी. ते तिकडेही गेले आणि इकडेही आले. म्हणजे तुर्की भाषा या बाबतीत आपली आई नाही, चुलत बहीण आहे. दोघी एकाच वाड्यातून निघाल्या. हा फरक मी मुद्दाम सांगते, कारण काकूंच्या शेरवानीचंही पुढे असंच काहीसं निघणार आहे.

त्या पेटीतली मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे 'उचकुर'. उचकुर म्हणजे चक्क नाडा. सलवारीचा नाडा! पातळ तागाच्या किंवा सुती कापडाची लांब पट्टी. मधला सगळा भाग कोरा, कारण तो कपड्यात दडतो. दोन्ही टोकं मात्र बाहेर लोंबतात, म्हणून त्या वीतभर टोकांवर रेशमाची आणि जरीची फुलं. आपल्या लुगड्याच्या पदराचाच हिशोब. जिथे नजर जाते तिथे जीव ओतायचा, बाकी सूत बचत. बाईचं डोकं जगात सगळीकडे सारखंच चालतं, असं मला अशा वेळी वाटतं.

या टोकांवरचं काम असं, की उलटी बाजू ओळखूच येत नाही. कापडाचे धागे मोजून दुहेरी धावदोरा घालायचा. एकदा जाताना एक धागा सोडून, परत येताना राहिलेली जागा भरून. दोन्हीकडून फूल सारखं. गाठ दिसत नाही. धारवाडकडची कसुती ज्यांनी केली आहे त्यांना हे लगेच कळेल, त्यातला गवंती टाका असाच. आणि भरतकाम सोडून विणकामात शिरलं, तर आपल्या जिल्ह्यातलीच पैठणी घ्या. तिचा पदर उलटसुलट कसाही धरा, मोर तोच. लपवायला काही नाही अशी ही कामं.

दुसरं काम याच्या अगदी उलट. नवरीचा मेंदीच्या रात्रीचा झगा असतो, जांभळ्या किंवा लालबुंद मखमलीचा. त्याला 'बिंदाल्ली' म्हणतात, म्हणजे हजार फांद्यांचा. त्यावर फुटलेल्या डहाळ्याच डहाळ्या. हे काम करताना पुठ्ठ्याचं पान कापायचं, ते मखमलीवर बसवायचं, आणि कलाबूत त्या पुठ्ठ्यावर आडवी पसरत दोन्ही कडांना खालून मेण लावलेल्या दोऱ्यानं पकडायची. सोनेरी धागा कापडाच्या पोटात जातच नाही. सगळाच्या सगळा वर चमकतो, एक तारही वाया नाही. मराश नावाच्या गावाचं हे काम प्रसिद्ध, म्हणून त्याला मराशकाम असंही म्हणतात. आपल्याकडचे जरदोजीवाले अड्ड्यावर कापड ताणून, खाली भराव देऊन जर उठवतात, ते याच्या जवळचं. अड्ड्यावरची ही जड जरीची कामं तिकडे बरीचशी बाजारपेठेतले पुरुष कारागीर करत. रुमाल, नाडे, टॉवेल हे मात्र घरातल्या बायका-मुलींचं.

आणि ते साधंसुधं नव्हतं बरं का. मेरी वोर्टली माँटेग्यू नावाची एक इंग्रज वकिलाची बायको १७१७-१८ मध्ये तिथे राहिली होती. इथे वकील म्हणजे राजदूत. तिला एका सुलतानाच्या विधवेनं जेवायला बोलावलं. जेवताना हात पुसायला जे रुमाल दिले, त्यांवर रेशमानं आणि सोन्यानं इतकी खरी वाटणारी फुलं भरलेली होती, की ते खराब करायला आपल्या जिवावर आलं, असं तिनं बहिणीला पत्रात कळवलं. ते रुमाल भरणाऱ्या मुलींची नावं तिनं विचारली नाहीत. कुणीच विचारत नाही.

पण त्या मुलींचं काम बाजारात जात होतं. ज्या बाया घराबाहेर पडत नसत, त्यांच्याकडे दुसऱ्या बाया जायच्या, पाठीवर गाठोडं घेऊन. रेशीम द्यायच्या, तयार रुमाल घ्यायच्या, दुसऱ्या घरात नेऊन विकायच्या, आणि जाता जाता कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय तेही सांगायच्या. त्यांना 'बोहचाजी' म्हणत, म्हणजे बोचकंवाली. आपल्याकडे दुपारी साड्यांचं गाठोडं घेऊन ओट्यावर बसणारी बाई आठवा. हप्त्यानं साडी देणारी. तीच.

आणखी एक गंमत सांगते आणि पेटी मिटवते. डोक्यावरच्या रुमालाच्या काठाला सुईनं विणलेली बारीक जाळीची फुलं लावतात, त्याला 'ओया' म्हणतात. क्रोशाच्या लेससारखी दिसते, पण खरी जुनी ओया नुसत्या शिवणाच्या सुईनं. असं सांगतात, की नव्या सुनेचं नवऱ्याशी बिनसलं, की ती लाल मिरच्यांची ओया लावलेला रुमाल बांधायची. तोंडानं एक शब्द नाही. सासरच्यांनी समजून घ्यायचं. आता इतक्या मिरच्या विणून होईपर्यंत भांडण मिटत कसं नसे, हा प्रश्न मला पडतो. की आधीच विणून ठेवायच्या?

बरं. आता काकूंची शेरवानी.

मी ती उलटी केली. कुठलंही जुनं कापड हातात आलं, की आधी उलटं करा. वरून जरीच्या आणि रेशमाच्या बुट्ट्या, दाणेदार डाळिंबासारख्या. आतून अस्तर उसवलं होतं, तिथून दिसलं की मागे रंगीत रेशमाचे सुटे धागे एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत मोकळे गेले आहेत. म्हणजे बुट्टी सुईनं भरलेली नाही, मागावरच विणलेली आहे. जमिनीचा धागा सुती. उभा ताणा सुताचा, आणि नक्षीसाठी जादा रेशमी बाणा. मैत्रिणींनो, हा हिमरू. आपल्या औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू.

हिमरू हा शब्द फारसी 'हम-रू' वरून आला असं विणकर सांगतात, म्हणजे 'सारखं दिसणारं'. कशासारखं? किनखापासारखं. किनखापात रेशीम आणि सोन्या-चांदीची जर ठासून भरलेली. तो राजेरजवाड्यांनाच परवडायचा. मग सुताचं अंग ठेवून रेशमाचं रूप देणारं कापड निघालं. थोडक्यात, बेतात राहून ऐट. ते थंडीत ऊबदारही.

विणकर दुसरी एक गोष्ट सांगतात, की महंमद तुघलकानं १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कारागीर सोबत आले, त्यांतले काही इथेच राहिले. ही गोष्ट पटण्यासारखी आहे. पण मार्को पोलोला औरंगाबादचा हिमरू भेट दिला होता म्हणून जे सांगतात, ते मात्र मला पटत नाही. पोलो दक्षिणेतून गेला तो तुघलकाच्या आधी, तेराव्या शतकाच्या शेवटी. आणि आपलं शहर मलिक अंबरनं खडकी नावानं वसवलं १६१० साली. औरंगजेबाचं नाव त्याला मिळालं १६५३ मध्ये. आपली शहागंजची मशीदसुद्धा १७२०च्या आसपासची. शहरच नव्हतं तेव्हा शहराचं कापड कुठून येणार? परदेशी पाहुण्याचं नाव जोडलं की आपल्या वस्तूला किंमत येते, असं आपल्याला का वाटतं कोण जाणे. काकूंच्या 'तुर्की'तही हेच आहे.

हिमरूचा सख्खा भाऊ म्हणजे मश्रू. याची गोष्ट मजेशीर आहे. मुसलमान पुरुषांना अंगाला शुद्ध रेशीम लावायला धर्मानं मनाई. बायकांना मुभा. पण ऐट तर पुरुषांनाही हवी. मग युक्ती काढली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि विणताना रेशीम सगळं वरच्या अंगाला आणायचं. जगाला दिसतं चमकदार अतलस, कातडीला लागतं सूत. 'मश्रू' म्हणजे शास्त्राला मान्य असलेलं. १८८४ साली निजाम सरकारनं औरंगाबाद जिल्ह्याचं जे गॅझेटियर छापलं, त्यात इथल्या धंद्यांमध्ये मश्रू, हिमरू, किनखाप ही कापडं आहेत.

आता तुर्कस्तानात चला. दक्षिणेला गाझिआंतेप नावाचं शहर आहे. तिथे आजही एक कापड विणतात, उभ्या रंगीत पट्ट्यांचं. ताणा रेशमी, बाणा सुती, रेशीम वर, सूत खाली. नाव 'कुतनु', सुताच्या अरबी नावावरून. आणि आपल्या हिंदुस्थानातून इंग्रज कंपनी जी कापडं नेत असे, त्यांच्या याद्यांत सुती-रेशमी मिसळ कापडाचं नाव आहे 'कुतनी'. म्हणजे गाझिआंतेपची बाई आणि औरंगाबादची बाई समोरासमोर बसल्या, आणि एकीनं कुतनु व दुसरीनं मश्रू उलटा करून दाखवला, तर दोघींना एकमेकींची भाषा कळली नाही तरी चालेल.

आणि कापड फक्त तिकडून इकडे आलं असं तर मुळीच नाही. बिदरच्या बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान तुम्ही शाळेत वाचला असेल. १४८१ साली त्याला त्याच्याच सुलतानानं मारवलं. त्या आधीच्या दोन-चार वर्षांत त्याचे गुमास्ते तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात हिंदुस्थानी कापड विकत होते. बुर्साच्या न्यायालयाच्या दफ्तरांत त्यांच्या नोंदी सापडतात. बुर्सा म्हणजे तुर्कांच्या रेशमाचं माहेर! तिथे आपल्या दख्खनचा माल जाऊन खपत होता. माणसंही ये-जा करत. तुर्क माणसाला आपल्याकडे 'रूमी' म्हणत. विजापूरला ठेवलेली मलिक-ए-मैदान तोफ ओतली अहमदनगरला, १५४९ मध्ये, आणि ओतणाऱ्या कारागिराच्या नावातच 'रूमी' आहे. तोफा ओतणारे आले, तसे कापडाचे नमुने, रंगांच्या कल्पना, टाके हेही बोचक्या-बोचक्यांतून आले-गेले असणार.

नक्षीत मात्र आम्ही वेगळे राहिलो. तुर्कांची आवड म्हणजे ट्युलिप, कार्नेशन, गुलाब. ट्युलिप तर त्यांच्या रुमालांवर, फरशांवर, सगळीकडे. आपल्या हिमरूत डाळिंब, अननस, सीताफळ, बदाम, जाई. दौलताबादच्या वाटेवर सीताफळं विकत घेतलेल्या बाईला हिमरूची ती बुट्टी सांगावी लागत नाही. एक तुर्की नमुना असा आहे, की तीन गोळे आणि खाली दोन लाटांसारख्या रेघा. सुलतानांच्या झग्यांवर तो असे. कलेचे अभ्यासक त्याला काय म्हणतात? 'चिंतामणी'. आपला संस्कृत चिंतामणी, तिकडे इस्तंबूलच्या राजवाड्यात.

आता टोपी. काकूंना वाटत होतं, निदान ही तरी तुर्की असेलच. तिला आपल्याकडे 'रूमी टोपी' किंवा 'तुर्की टोपी' म्हणतात. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात शेरवानी आणि रूमी टोपी हा राज्यातल्या सरकारी माणसांचा जणू पोशाखच होता. मुसलमान, हिंदू सगळेच घालत. काकूंचे आजेसासरे त्यातलेच. पण या टोपीचं नाव 'फेझ' हे मोरोक्कोतल्या गावावरून. तुर्कस्तानात ती सुलतान दुसरा महमूद यानं १८२० च्या दशकाच्या शेवटी सक्तीची केली. पुढे तुर्कांच्या डोक्यावरच्या कित्येक टोप्या ऑस्ट्रियातल्या कारखान्यांतून येत. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाशी भांडण झालं, तेव्हा तुर्कांनी या टोप्यांवरच बहिष्कार घातला. आणि १९२५ मध्ये मुस्तफा केमालच्या सरकारनं कायदा करून ही टोपी बंदच केली. म्हणजे अंकाराच्या रस्त्यावर जी टोपी घातली तर पोलीस धरत, ती शहागंजच्या घड्याळाखालून वकीलसाहेब ऐटीत घालून कोर्टात जात होते!

तुर्कांशी आपल्या शहराचं खरंखुरं सोयरिकीचं नातं जुळलं ते नेमकं याच काळात. तेव्हा औरंगाबाद हैदराबाद संस्थानात होतं. तुर्कस्ताननं ३ मार्च १९२४ ला खिलाफत रद्द केली आणि शेवटचे खलिफा अब्दुलमजीद यांना कुटुंबासह देशाबाहेर घालवलं. ते फ्रान्समध्ये नीस गावी राहिले, हातात फारसं काही नाही. निजामांनी त्यांना तनखा सुरू केला. मग खिलाफत चळवळीतले शौकत अली मध्ये पडले, आणि १२ नोव्हेंबर १९३१ ला नीसमध्ये दोन लग्नं एकदम लागली. खलिफांची मुलगी दुर्रूशेवार निजामांच्या थोरल्या मुलाला, आझम जाह यांना, आणि घराण्यातलीच निलोफर धाकट्या मुअज्जम जाह यांना. निलोफर तेव्हा पंधरा वर्षांची, दुर्रूशेवार सतरा.

त्या 'पिल्स्ना' नावाच्या बोटीनं मुंबईला आल्या. गोलमेज परिषदेहून गांधीजी त्याच बोटीनं परतत होते. एका बोटीवर खादीचा पंचा आणि तुर्की राजकन्या! बोटीवरच या दोघींना साडी नेसायला शिकवलं असं सांगतात. विचार करा, आईनं रुखवतात काय बांधून दिलं असेल आणि इथे उतरताना अंगावर काय होतं. पुढे निलोफरच्या साड्या देशभर गाजल्या. मुंबईच्या माधव दास यांनी तिच्यासाठी तलम कापडावर जरी-टिकल्यांचं भरतकाम करून काढलेल्या त्या साड्या. त्यांतल्या काही आज न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संग्रहालयात आहेत. तुर्की मुलगी, हिंदुस्थानी साडी, अमेरिकेतलं कपाट.

त्या साड्यांच्या पैशात आपल्या मराठवाड्याच्या शेतकऱ्यानं भरलेला साराही होता, हे मला विसरता येत नाही. पण निलोफरचं दुसरं काम सांगायलाच हवं. तिची दासी बाळंतपणात दगावली. त्या दुःखातून तिनं हैदराबादेत बाळंतिणींसाठी आणि मुलांसाठी दवाखाना उभा करायचा ध्यास घेतला. तो निलोफर दवाखाना १९५३ पासून चालू आहे. आपल्या भागातल्याही अनेक लेकरांचे आईबाप तिथे जाऊन आलेत. तिला स्वतःला मूल झालं नाही.

आणि त्या सोयरिकीची एक खूण आपल्या अगदी जवळ आहे. खुलताबादला. निजामांनी व्याह्यांसाठी, खलिफा अब्दुलमजीद यांच्यासाठी, तिथे मकबरा बांधवला. खलिफा २३ ऑगस्ट १९४४ ला पॅरिसमध्ये वारले. देह दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत राहिला, आणि १९५४ मध्ये मदिनेला पुरला. खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला. भद्रा मारुतीच्या दर्शनाला आपण जातो त्या गावात तुर्की पाहुण्यासाठी बांधलेली आणि पाहुणा न आलेली ही इमारत आहे.

दोघी राजकन्याही शेवटी इथे राहिल्या नाहीत. निलोफर १९८९ मध्ये पॅरिसला गेली, दुर्रूशेवार २००६ मध्ये लंडनला.

मग इथे काय राहिलं? माग. जाफरगेट, नवाबपुरा, जुन्या शहरातल्या गल्ल्यांतले खड्डामाग. हिमरू विणायला दोन माणसं लागायची. एक खाली खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकणारा, आणि एक वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढणारा, बहुधा पोरगाच. या दोऱ्यांच्या रचनेला 'जाला' म्हणतात. कोणती दोरी कधी ओढायची ते त्यात बांधलेलं असतं, गाणं बांधावं तसं. आणि घरातल्या बायका? रेशीम उकलणं, कांड्या भरणं, ताण्याचे तुटलेले धागे जोडणं, सगळं त्यांच्याकडे. कापडावर नाव विणकराचंही नसे, मग कांडी भरणारीचं कुठून असणार?

१९४८ मध्ये संस्थान गेलं. मराठवाडा मुक्त झाला, ते हवंच होतं. पण दरबार गेला तशी शेरवानी गेली, आणि शेरवानी गेली तसं हिमरूचं मोठं गिऱ्हाईक गेलं. नंतर यंत्रमागावर हिमरूसारखं दिसणारं कापड निघालं. 'सारखं दिसणाऱ्या'सारखं दिसणारं! आता हातमागावर हिमरू विणणारी घरं अगदी थोडी उरली आहेत. वेरूळ-अजिंठ्याला आलेले पाहुणे शाली घेतात, त्यावर चालतं.

म्हणून काकूंना मी म्हटलं, "काकू, तुर्की रुमाल जगाच्या संग्रहालयांत पुष्कळ आहेत. ही तुमची शेरवानी इथून चार गल्ल्यांपलीकडे विणलेली आहे. ती जाळली, तर पुन्हा विणायला माग शोधावा लागेल."

तुमच्याकडे असं काही असेल तर कसं ओळखायचं ते सांगते. मागे सुटे धागे, जमीन सुती, तो हिमरू. वर गुळगुळीत रेशीम आणि मागे साधं सूत, तो मश्रू. कडेचा एखादा सुटा धागा काढून पेटवून बघा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि हाताला कुस्करते अशी काळी राख राहते. सूत कागदासारखं जळतं. नायलॉन वितळून त्याचा मणी होतो. कापड पांढऱ्या मऊ सुती धडप्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. आणि वर्षातून एक-दोनदा घडी बदला. त्याच घडीवर कापड वर्षानुवर्षं राहिलं की तिथेच चिरतं. काकूंचा शालू तसाच गेला होता.

काकू दोन दिवसांनी परत आल्या. शालू त्यांनी देऊन टाकला होता. नातीच्या फीची तारीख होती आणि जरवाल्यानं चांगला भाव दिला. मी काही बोलले नाही. पदराचा एक हातभर तुकडा त्यांनी कापून ठेवला आहे, चौकोनी, आणि त्यातच आता ती शेरवानी बांधली आहे. टोपी नातवानं शाळेच्या गॅदरिंगला नेली. त्याला वकिलाचंच काम मिळालंय म्हणे.